तबकडीवरची सहावी बाई

धर्मराजचं अक्षर फार देखणं होतं, आणि त्या अक्षरावरच त्याला निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत हजेरीच्या कारकुनाची खुर्ची मिळाली होती. भीमनगरातून मॅट्रिक होऊन पुढं दोन वर्षं बेळगावच्या कॉलेजात काढलेला तो पहिलाच. वडील गेले, कॉलेज सुटलं, आणि ज्या वखारीत आई वीस वर्षं तंबाखू चाळत होती तिथंच तो नोकरीला लागला. मायलेक सकाळी एकाच वाटेनं निघायचे. वखार आली की आई सुलाबाई मागच्या दारानं आत जायची आणि धर्मराज पुढच्या.

वखारीत साठेक बाया होत्या. तंबाखू वाऱ्यानं उडू नये म्हणून खिडक्या बारा महिने बंद. आत धूळ इतकी की दोन हातांवरची बाई पिवळसर दिसायची. पहिल्या आठवड्यात नवी बाई ओकायची, मग सवय व्हायची. कामाच्या नादात बाया गायच्या. एकीनं ओवी उचलायची, बाकीच्यांनी शेवटचा शब्द झेलायचा. उचलणारी बहुतेक बायडाबाई असायची. चाळिशीची विधवा, एकुलती लेक मनुबाई संकेश्वरला दिलेली. बायडाबाईच्या छातीत तंबाखू बसला होता. ओवीच्या शेवटच्या शब्दाआधी तिचा श्वास अडकायचा, घशात बारीकसा ठसका यायचा आणि मग शब्द बाहेर पडायचा. तेवढ्या थांबण्यानं ओवीला असं काही वजन यायचं की नव्या पोरी मुद्दाम तसं थांबून बघायच्या. त्यांना ते जमायचं नाही.

धर्मराजकडं दोन वह्या होत्या. एक पक्की, सरकारी साहेबाला दाखवायची. तिच्यात बावीस बायांची नावं होती. बाकीच्यांची नावं कच्च्या वहीत असायची, आणि ती वही साहेब यायच्या दिवशी मालकाच्या घरी जायची. असं सगळीकडंच चालतं, असं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखात एका दुपारी फॅक्टरी इन्स्पेक्टर अचानक आला. नागोजी मुकादमानं कच्च्या वहीतल्या अडतीस बाया घाईघाईनं आतल्या कोठीत घातल्या. त्या कोठीला खिडकी नव्हती. आवाज करायचा नाही, पंधरा मिनिटांचं काम आहे, असं त्यांना बजावलं आणि तो साहेबाला सामोरा गेला. जाता जाता धर्मराजला म्हणाला, कडी घाल. धर्मराजनं कडी घातली आणि आपल्या टेबलाशी येऊन बसला. टेबल कोठीच्या दारापासून चार पावलांवर होतं.

पंधरा मिनिटांचे दोन तास झाले. साहेबानं पक्की वही बघितली, मालकाबरोबर चहा घेतला, मग जेवण आलं. तासाभरानं दारावर आतून थापा पडल्या, फार जोरात नव्हे. मग एक बाई म्हणाली, पाणी द्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा शब्दाच्या आधी श्वास अडकला होता. साहेबानं मान वर करून हे काय म्हणून विचारलं, तर शेजारी गवंडीकाम चाललंय असं नागोजीनं सांगितलं. धर्मराजनं वहीचं पान उलटलं.

दार उघडलं तेव्हा सदतीस बाया भिंतींना धरून बाहेर आल्या. बायडाबाई तंबाखूच्या पोत्यांवर आडवी होती आणि तिचे डोळे उघडे होते.

पुढचं सगळं संध्याकाळच्या आत उरकलं. मागच्या दारानं हातगाडीवरून तिला तिच्या खोलीवर नेलं. घरीच उन्हाचा झटका येऊन गेली असं लेकीला कळवलं. कोठीतल्या बायांना नागोजीनं एकेकीला बोलावून समज दिली. आणि मालकानं धर्मराजला त्या दिवसाचं कच्च्या वहीचं पान फाडून नवं लिहायला सांगितलं, सदतीस नावांचं. धर्मराजनं ते आपल्या देखण्या अक्षरात लिहिलं. एके ठिकाणीही खाडाखोड झाली नाही.

त्या कोठीत त्याची आईही होती. घरी आल्यावर तिनं अंग धुतलं, भाकरी केल्या, आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. त्यालाही विचारायचा धीर झाला नाही.

दीड वर्षानं निपाणीत बायांची संघटना उभी राहिली. मोर्चे निघाले, वखारी बंद पडल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. त्या गडबडीत, ऐंशी सालच्या जानेवारीत, हॉलंडहून मार्ता नावाची एक बाई आली. पन्नाशीची, उंच, पायात गड्यासारखे बूट, खांद्याला टेपरेकॉर्डरची जड पेटी. देशोदेशीच्या कष्टकरी बायांची कामावरची गाणी गोळा करून त्यांची एक रेकॉर्ड काढायची, आणि त्या बाया कशा जगतात हे तिकडच्या लोकांना ऐकवायचं, असा तिचा बेत होता. संघटनेच्या लोकांना इंग्रजी समजणारा माणूस हवा होता. सुलाबाईचा पोरगा आहे की, असं कुणीतरी म्हणालं. धर्मराजला जायचं नव्हतं. पण वखार बंद होती, आणि नाही म्हणायला कारण सुचेना.

रविवारी सकाळी समाजमंदिरात पाच बाया जमल्या. शेवंताबाई, मालुबाई, अंबुबाई, जयाबाई आणि त्याची आई. मार्तानं त्यांना सतरंजीवर अर्धगोलात बसवलं, पुढं मायक्रोफोन उभा केला, कानाला हेडफोन लावले आणि डोळे मिटून घेतले. शेवंताबाईनं ओवी उचलली.

माझ्या गं हातामंदी तंबाखूची काळी पानं
सांगू किती सये तुला माझ्या जिवाचं गाऱ्हाणं

तीन-चार ओव्या झाल्यावर मार्तानं हात वर केला. डोळे न उघडताच ती धर्मराजला म्हणाली, की त्या मागं भिंतीशी बसलेल्या बाईंना जरा पुढं यायला सांगा. आवाज फार चांगला आहे, पण लांबून येतोय.

धर्मराजनं मागं बघितलं. भिंतीशी गुंडाळलेल्या दोन सतरंज्या होत्या आणि खिडकीतून आलेलं उन्हाचं चौकोनी ठिगळ होतं. त्यानं बायांना एवढंच सांगितलं, "जरा फुडं सरका म्हणतीया." पाचही जणी वीतभर पुढं सरकल्या. मार्तानं मान हलवली, आता छान येतंय, आणि पुढचं गाणं सुरू झालं.

गाणी संपल्यावर चहा झाला, फोटो झाला. मार्तानं नावं मागितली. तुमच्या लिपीत, हातानं लिहून द्या, तशीच छापणार आहे, असं ती म्हणाली. धर्मराजनं तिच्याच वहीचा एक कागद घेतला, मांडीवर धरून नावं लिहिली आणि दिली. दुपारच्या बसनं ती गेली.

संप कसाबसा मिटला. थोडी मजुरी वाढली, पक्क्या वहीत चाळीस नावं आली. धर्मराज पुन्हा खुर्चीवर बसला. मार्ताला तो विसरूनही गेला असता. पण एक्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर पोस्टातून निरोप आला, की तुमच्या नावानं परदेशातून पार्सल आलंय, सही करून घेऊन जा.

पोस्टाच्या बाकावर बसूनच त्यानं ते फोडलं. आत मोठी काळी तबकडी होती. जाड पुठ्ठ्याच्या वेष्टनावर अकरा देशांतल्या बायांचे फोटो होते. कुणी मासे चिरत होती, कुणी चहाची पानं खुडत होती, कुणी मागावर बसली होती. वरचं नाव डच भाषेत होतं. त्याचा अर्थ मार्तानं पत्रात लिहिला होता: न मोजलेल्या. सोबत आठ पानांची एक पुस्तिका होती. तिच्यात गाण्यांचे अर्थ होते, कुठल्या देशात बायांना कसं राबवतात त्याची माहिती होती, आणि प्रत्येक देशातल्या बायांची नावं, जशी हातानं लिहून मिळाली तशी, छापली होती.

सहाव्या पानावर त्याचं अक्षर होतं. शेवंताबाई. मालुबाई. अंबुबाई. जयाबाई. सुलाबाई. आणि खाली, त्याच शाईत, त्याच वळणाचं, ‘ड’ला तो नेहमी काढायचा तशी बारीक शेपटी काढून, बायडाबाई.

पोस्टमननं बरं नाही का म्हणून विचारलं. त्यानं तो कागद लिहिलेला त्याला स्वच्छ आठवत होता. मांडी आठवत होती, पेन आठवत होतं, पाचवं नाव आईचं लिहिताना सुलाबाई लिहावं की नुसतं आई, असा आलेला वेडा विचारही आठवत होता. त्याच्यानंतर कागद दिला होता. सहावं नाव लिहिल्याचं आठवत नव्हतं. त्यानं पुस्तिका शर्टाच्या आत घातली आणि नुसती तबकडी घेऊन घरी आला.

तबकडी वाजवायचं यंत्र भीमनगरात कुणाकडंच नव्हतं. भरमाचं स्पीकरचं दुकान तेवढं होतं. लग्ना-बारशाला कर्णे आणि रेकॉर्डी तो भाड्यानं द्यायचा. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर पाची बाया तिथं जमल्या. शेवंताबाई नवं लुगडं नेसली होती. भरमानं तबकडीवरून मऊ फडकं फिरवलं आणि सुई ठेवली.

आधी परक्या मुलुखातली गाणी लागली. मासे चिरणाऱ्या बायांचं एक गाणं ऐकून अंबुबाई म्हणाली, ह्याबी आपल्यासारख्याच दमल्यात. सगळ्या हसल्या. मग खरखर झाली आणि शेवंताबाईचा आवाज आला. आपलाच आवाज आपल्याकडं परत येताना ऐकून ती लाजली आणि पदर तोंडावर धरून बसली.

पहिली ओवी झाली. शेवटचा शब्द झेलायला बाकीच्या आल्या, आणि त्यांच्या मागून आणखी एक आवाज आला. लांबून, भिंतीशी बसून गावं तसा. शब्दाच्या आधी श्वास अडकला, बारीकसा ठसका आला आणि मग शब्द पडला.

जयाबाईनं मालुबाईचा हात धरला. दुसऱ्या ओवीलाही तसंच झालं. तिसऱ्या ओवीनंतर, जिथं त्या दिवशी पाचही जणी दम घ्यायला थांबल्या होत्या, तिथं तो आवाज एकटाच वर आला.

आतल्या गं कोठीमंदी कडी कुणी लावियेली
तहानल्या जिवाची गं हाक कुणी ऐकियेली

ही ओवी त्या सकाळी कुणीही गायली नव्हती. तबकडीवर ती संपली, आणि जणू तिची वाट बघून थांबल्यासारख्या पाची जणी पुन्हा सुरू झाल्या.

सुई मधोमध येऊन खरखरत राहिली तरी भरमानं ती उचलली नाही. शेवटी शेवंताबाई हळूच म्हणाली, "बायडी हाय ही." अंबुबाईनं मान डोलावली. कुणी रडलं नाही. भरमानं परत लावू का विचारलं, तर नको म्हणाल्या आणि एकेक करून उठल्या. सुलाबाई मात्र बसून राहिली. ती लेकाकडं बघत होती.

घरात शिरल्यावर तिनं कवाड ओढून घेतलं, पाटावर बसली आणि म्हणाली, "कडी वाजली तवा तुझ्या चपलंचा आवाज मी वळखला हुता, धर्मा. त्या दिवसापास्नं वाट बघतोय मी, तू कवा तोंड उघडतोस म्हणून."

धर्मराजनं शर्टातून पुस्तिका काढून तिच्यापुढं ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. त्यानं सहा नावं वाचून दाखवली. सहावं ऐकून ती म्हणाली, "तुझ्याच हातानं लिव्हलंयस न्हवं? मग मला काय इचारतोस."

त्याला तरीही खात्री करून घ्यायची होती. बायांच्या मनात बायडाबाई होती म्हणून त्यांना ती ऐकू आली असेल. आपल्या मनात होती म्हणून आपल्याला. पुढच्या आठवड्यात तबकडी घेऊन तो बेळगावला गेला. वडगावात त्याचा कॉलेजातला मित्र परशराम राहायचा. घरात दोन यंत्रमाग होते आणि पुढच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर होता. परशरामनं माग थांबवले. त्याच्या बायकोला निपाणीतली ही भानगड ठाऊकच नव्हती. धर्मराजनं तिला ओव्या ऐकवल्या आणि किती बाया गातायत असं साधेपणानं विचारलं. तिनं बोटांवर मोजलं. सहा, म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "त्यातल्या एकीला दवाखान्यात न्यायला पायजे हो. लई खोकला हाय."

त्यानं मार्ताला पत्र लिहिलं. इंग्रजी जुळवायला दोन दिवस लागले. तुमच्या यादीत सहावं नाव कसं आलं, एवढंच विचारलं. उत्तर महिन्यानं आलं. मार्तानं लिहिलं होतं, की प्रश्न कळला नाही. बाया सहाच होत्या. पाच पुढं आणि एक मागं, भिंतीला टेकून. तुम्ही तिला पुढं बोलावलंत तरी ती आली नाही. चहाही घेतला नाही. मला वाटलं, भिडस्त असेल. फोटोच्या वेळी बघितलं तर ती निघून गेली होती. याचं मला वाईट वाटलं, म्हणून निदान तिचं नाव तरी राहून जाऊ नये, असं मी तुम्हाला म्हणाले. तुम्ही माझ्या हातातून कागद परत घेतलात आणि लिहिलंत.

धर्मराजनं पत्र तीनदा वाचलं. कागद परत घेतल्याचं त्याला त्याहीवेळी आठवलं नाही, आणि पुढंही कधी आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वखारीत गेलाच नाही. संकेश्वरची बस धरली. मनुबाईचा नवरा साखर कारखान्यात होता आणि कारखान्याच्या वाटेवरच त्यांचं दोन खणांचं घर होतं. ती चुलीपुढून उठून आली. निपाणीचा माणूस म्हटल्यावर बसायला घोंगडं टाकलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. तो तांब्या त्याच्यानं उचलवेना. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. इन्स्पेक्टर, कोठी, कडी, दोन तास, फाडलेलं पान. मनुबाई ऐकत होती. तिची मान खाली होती आणि ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

तो थांबल्यावर तिनं एकच विचारलं. "आईनं पाणी मागितलं हुतं?"

"व्हय. तीनदा."

"तुमी ऐकलं?"

"ऐकलं."

मग तिनं तांब्या उचलून आत नेला. तो दारात बराच वेळ थांबला. ती परत बाहेर आली नाही.

त्यानंतर त्यानं जे करायचं ते केलं. बेळगावच्या कामगार खात्याच्या कचेरीत जाऊन जबानी दिली. साहेब कन्नड बोलणारा होता, पण धर्मराजलाही कन्नड येत होतं. कारकून कन्नडात उतरून घेत होता, आणि बायडाबाई हे नाव त्या गोल अक्षरांत उमटताना तो टेबलावर वाकून बघत होता. मालकानं सगळं नाकारलं. धर्मराजला कामावरून काढलं. नागोजी मुकादमानं गावात उठवलं, की संघटनेनं फितवलंय. मग कोठीतल्या बायांपैकी शेवंताबाई पुढं आली, मग मालुबाई, मग सुलाबाई. शेवटी सदतीसपैकी एकोणीस जणी अंगठे द्यायला बेळगावला गेल्या. तबकडीचा उल्लेख कुणीच केला नाही. कचेरीत ते सांगून काय उपयोग, हे सगळ्यांना कळत होतं. चार वर्षं तारखा पडल्या. मालकाला शिक्षा झाली नाही. शहाऐंशी साली निकालात एक ओळ तेवढी आली, की मयत बायडाबाई ही त्या दिवशी कामावर हजर होती. धर्मराजला तोवर खानापूरकडं एका शाळेत शिक्षकाची जागा मिळाली होती. रविवारी तो आईकडं निपाणीला यायचा.

मधल्या काळात मार्ताचं आणखी एक पत्र आलं होतं. त्यात तिचं अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. पोर्तुगालमधल्या मासे चिरणाऱ्या बायांनी तिला कळवलं होतं, की तुमच्या रेकॉर्डवर आम्ही नऊजणी गातोय, पण त्या दिवशी आम्ही आठच होतो. नववी कोण ते आम्हाला ठाऊक आहे. तिच्याबद्दल कारखान्यानं आम्हाला गप्प राहायला सांगितलंय. सिलोनहून चहाच्या मळ्यातल्या बायांचंही तसंच पत्र आलं होतं. मार्तानं लिहिलं होतं, की मी सगळ्या मूळ टेपा पुन्हा ऐकल्या आणि आता घरात एकटी असताना त्या लावत नाही. दुसरी आवृत्ती काढावी की काढू नये, हे तिनं धर्मराजला विचारलं होतं. त्यानं उत्तर दिलं, काढा.

निकाल लागल्यावर, बायांकडून तबकडीचं ऐकून, मनुबाई निपाणीला आली. मधल्या वर्षांत ती कुणाकडंच आली नव्हती. धर्मराजला तिनं काही म्हटलं नाही. भरमाच्या दुकानात बसून तिनं आईची ओवी ऐकली, तोंड भिंतीकडं करून. मग उठली आणि म्हणाली, तबकडी मला द्या. कुणीच हरकत घेतली नाही. शेवंताबाईनं स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ती तिच्या हातात दिली.

पुढच्या वर्षी उसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा धर्मराज शाळेच्या कामासाठी बेळगावला आला होता. खानापूरला परत न जाता तो निपाणीची बस धरून संकेश्वरला उतरला. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. दुपारचे तीन वाजले होते. मनुबाई एकटीच घरी होती, पुढ्यात सूप घेऊन जोंधळे निवडत होती. या वेळी तिनं बसा म्हटलं. तो बसला. तबकडी भिंतीतल्या फळीवर होती, त्याच लुगड्यात.

इथं ती वाजवायची काही सोय आहे का, असं त्यानं विचारलं. नाही, म्हणाली. एकदा संकेश्वरातल्या एका दुकानात लावून बघू म्हणून घरधनी म्हणत होते, मीच नको म्हटलं. "लावावं लागत न्हाई," ती सुपातल्या जोंधळ्यावरची नजर न काढता म्हणाली. "दुपारच्याला घरात कुणी नसलं की लागतं. आता बी चाललंय की."

त्यानं कान दिले. बाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, लांब कारखान्याचा एकसारखा घरघर आवाज होता. घरात काही नव्हतं. त्यानं श्वास धरला, मान फळीकडं कलवली. तरी काही नव्हतं.

मनुबाईचा हात मात्र सुपात एका लयीत हलत होता. मध्येच तिचा हात थांबायचा, तिनं डोकं जरा उचललेलं असायचं, जसं कुणी बोलत असताना ऐकावं तसं. मग ती अगदी हलक्या आवाजात एखादा शब्द उचलायची, ओवीचा शेवटचा, झेलायचा असतो तो. त्या शब्दाच्या आधी ती नेमकी तेवढीच थांबायची, जेवढं कुणी श्वासासाठी थांबलं तर दुसऱ्यानं थांबावं.

तिनं त्याला चहा करून दिला. तो प्याला. ऊन भिंतीवरून खाली सरकेपर्यंत, तिचे सगळे जोंधळे निवडून होईपर्यंत तो तिथं बसून राहिला. त्याला शेवटपर्यंत काही ऐकू आलं नाही. पाचच्या बसची वेळ झाली तेव्हा तो उठला. येतो म्हणाला. मनुबाईनं हातानंच जरा थांबा अशी खूण केली, आणि फळीकडं कान देऊन, समोरची ओवी पुरी होईपर्यंत, त्याला दारात उभं ठेवलं.